विश्लेषण : वसतिगृह भत्त्याच्या अर्जावर पंजाबराव देशमुखांचेच नाव का?

तळेगाव (श्यामजी पंत) हे वर्धा जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातले, नागपूर-अमरावती महामार्गावरचे गाव. दहावी-बारावी झालेली इथली मुले पुढच्या शिक्षणासाठी आर्वी, वर्धा, नागपूर किंवा अमरावतीची वाट धरतात. त्यांतले बरेच जण महाडीबीटी पोर्टलवर ‘डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना’ या नावाखाली अर्ज भरतात. सोसायटीतून पीककर्ज घेऊन ते वेळेत फेडणाऱ्या शेतकऱ्याला व्याजात सवलत देणाऱ्या योजनेलाही याच माणसाचे नाव आहे. पेरणीच्या दिवसांत कृषी केंद्रात जे ‘पीकेव्ही’ बियाणे मागितले जाते, त्यातला ‘पी’सुद्धा पंजाबरावच. नाव रोजच्या वापरातले, पण त्यामागच्या माणसाबद्दल नव्या पिढीला दोन ओळींच्या पलीकडे फारसे ठाऊक नसते. पहिले कृषिमंत्री, शिक्षणमहर्षी, पुढचा प्रश्न. त्या दोन ओळींत नेमके काय निसटते, ते पाहू या.

पंजाबराव मूळचे कुठले?

तळेगावहून अमरावतीकडे निघाले की थोड्याच वेळात वर्धा नदीचा पूल लागतो. नदी ओलांडली की वऱ्हाड. आज हा फक्त जिल्ह्याचा बदल आहे. दीडशे वर्षांपूर्वी कारभारच बदलत असे. नदीच्या अलीकडचा वर्धा जिल्हा नागपूरच्या बाजूचा, मध्यप्रांतातला. पलीकडचे वऱ्हाड निजामाचे, १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखाली. १९०३ मध्ये दोन्ही एकाच प्रशासनाखाली आले आणि पुढे मध्यप्रांत-वऱ्हाड असा जोडप्रांत झाला. पंजाबराव पलीकडचे, पण ते मंत्री झाले या जोडप्रांताचे. त्यामुळे त्यांचे निर्णय नदीच्या दोन्ही काठांवर पोचले.

त्यांचा जन्म २७ डिसेंबर १८९८ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या पापळ या गावी झाला. वडील शामराव, आई राधाबाई, घर शेतकऱ्याचे. गावातली शाळा संपली की पुढच्या इयत्तेसाठी दुसऱ्या गावाला जावे लागे. म्हणून पापळहून चांदूर रेल्वे, तिथून कारंजा, मग अमरावतीचे हिंदू हायस्कूल, मग पुण्याचे फर्ग्युसन असा त्यांचा प्रवास झाला. (हे कारंजा म्हणजे तळेगावशेजारचे कारंजा घाडगे नव्हे, आज वाशीम जिल्ह्यात असलेले कारंजा लाड.) बिऱ्हाड पाठीवर घेतल्यासारखे हे शिक्षण होते. हुशारी तर लागेच, पण मुलगा राहणार कुठे आणि जेवणार कुठे, या प्रश्नाचे उत्तर घरच्यांना आधी शोधावे लागे. पंजाबरावांच्या पुढच्या साऱ्या कामाची किल्ली या साध्या अडचणीत आहे.

१९२० मध्ये ते इंग्लंडला निघाले. वडिलांनी त्यासाठी जमीन गहाण टाकली. शेतकऱ्याच्या घरात याचा अर्थ काय होतो, हे विदर्भात समजावून सांगावे लागत नाही. एडिंबरोत एम.ए., तिथे संस्कृत संशोधनासाठी मिळालेली शिष्यवृत्ती, बॅरिस्टरची सनद आणि ऑक्सफर्डची डॉक्टरेट, एवढे मिळवून ते १९२६ मध्ये परतले. डॉक्टरेटचा विषय शेती नव्हता, कायदाही नव्हता. तो होता वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास. हे संशोधन १९३३ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने ग्रंथरूपाने काढले. पुढे जो माणूस देवळाच्या दारावर आणि देवस्थानांच्या पैशावर प्रश्न उभे करणार होता, तो वेद मूळ संस्कृतातून वाचून आलेला होता, ही गोष्ट बहुतेक चरित्रांत एका वाक्यात उरकली जाते. त्या काळात हे ज्ञान एका ठरावीक वर्गाकडेच असते, असे गृहीत धरले जात होते. त्यामुळे त्याचे वजन पदवीपेक्षा बरेच जास्त होते.

परतल्यावर पहिली दोन-तीन वर्षे कशी गेली?

१९२७ हे साल त्यांच्या आयुष्यात फार दाटीचे आहे. अमरावतीचे अंबादेवी मंदिर अस्पृश्यांना खुले करावे, अशी मागणी त्या वर्षी जोर धरत होती. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह मार्चमध्ये झाला होता. नोव्हेंबरमध्ये अमरावतीत याच प्रश्नावर परिषद भरली आणि तिचे अध्यक्षस्थान डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वीकारले. स्पृश्य समाजातून या मागणीच्या बाजूने उघडपणे उभे राहिलेल्यांत पंजाबराव पुढे होते. मंदिराच्या विश्वस्त मंडळींत शहरातली वजनदार माणसे होती आणि नुकतीच वकिली सुरू केलेल्या बॅरिस्टरला त्यांना दुखावणे परवडणारे नव्हते. व्यवहार म्हणून पाहिले तर हे घाट्याचे काम होते.

त्याच वर्षी त्यांनी मुंबईच्या विमल वैद्य यांच्याशी लग्न केले. त्या सोनार समाजातल्या. वऱ्हाडातल्या देशमुख घराण्यात आंतरजातीय लग्न ही तेव्हा गावगप्पांना वर्षभर पुरेल अशी घटना होती. विमलाबाई लग्नानंतर शिकल्या, वकील झाल्या, पतीच्या निधनानंतर १९६७ ते १९७२ राज्यसभेच्या सदस्य होत्या. पंजाबरावांवरच्या लेखांत त्या सहसा ‘पत्नी’ एवढ्या ओळखीवर थांबतात. तसे होऊ नये.

शेतकरी संघाची स्थापना आणि ‘महाराष्ट्र केसरी’ हे पत्रही याच काळातले. आणि याच काळात अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय सुरू झाले. स्वामी श्रद्धानंदांची १९२६ च्या डिसेंबरात हत्या झाली होती. त्यांच्या नावाचे हे वसतिगृह सर्व जातींच्या मुलांसाठी खुले होते.

शाळेआधी वसतिगृह का?

याचे उत्तर त्या काळच्या खेड्याच्या नकाशात आहे. हायस्कूल तालुक्याला असले तर असे, नाही तर थेट जिल्ह्याला. शहरात नातेवाईक असलेला मुलगा शिकायचा. ज्याचे कोणी नाही, त्याला खोली भाड्याने मिळण्याआधी जात विचारली जायची. दलित मुलाला तर खाणावळीचे दारही बंद. म्हणजे शाळेची फी माफ करूनही हा मुलगा शाळेत पोचतच नव्हता. शिक्षणाचा खरा खर्च पुस्तकात नसून राहण्या-जेवणात आहे, हे कोल्हापुरात शाहू महाराजांनी आणि साताऱ्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांनी ओळखले होते. तरी त्यांच्या वसतिगृहांतही एक फरक दिसतो. शाहू महाराजांच्या कोल्हापुरात बहुतेक वसतिगृहे जातवार उभी राहिली, कारण समाज एकत्र जेवायला तयार नव्हता. भाऊरावांनी मुलांना एका पंगतीत बसवले. पंजाबरावांनी अमरावतीत हा दुसरा मार्ग धरला. एका खोलीत झोपणारी आणि एका भांड्यातले वरण वाढून घेणारी मुले गावी परतल्यावर पूर्वीसारखी राहत नाहीत, हा त्यातला हिशेब.

१९२८ मध्ये ते अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. जिल्हा कौन्सिल म्हणजे आजच्या जिल्हा परिषदेची पूर्वज संस्था. तिच्या हातात असायचे ते ग्रामीण शाळा, विहिरी, रस्ते आणि थोडाफार कर. पंजाबरावांनी सार्वजनिक विहिरी सर्वांना खुल्या करण्याचा निर्णय घेतला आणि प्राथमिक शिक्षणासाठी कर वाढवला. कर वाढवणारा पुढारी कोणालाच आवडत नाही, शेतकऱ्यांच्या नावाने राजकारण करणाऱ्याने तर ती चूक कधीच करू नये, असे शहाणी माणसे आजही सांगतील.

इंग्रजी राजवटीतले मंत्रिपद त्यांनी का घेतले?

हा प्रश्न वर्धा जिल्ह्यात विचारला जाणे साहजिक आहे. आष्टी तालुक्याची ओळखच १६ ऑगस्ट १९४२ च्या हुतात्म्यांची आहे आणि तळेगाव-अमरावती वाटेवर राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे गुरुकुंज मोझरी आहे. १९३० मध्ये काँग्रेस सविनय कायदेभंगात उतरली होती, वऱ्हाडातच पुसदला लोकनायक बापूजी अणे यांनी जंगल सत्याग्रह केला होता. त्याच वर्षी पंजाबराव प्रांतिक कौन्सिलवर निवडून आले आणि मंत्री झाले. शिक्षण आणि शेती ही खाती त्यांच्याकडे होती. देश तुरुंगात जात असताना खुर्चीत बसले, ही टीका त्यांच्यावर झाली आणि ती अगदीच निराधार म्हणता येणार नाही.

पण त्या खुर्चीत त्यांनी काय केले, हेही मांडायला हवे. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत कापसाचे भाव कोसळले होते. कापसावर जगणाऱ्या वऱ्हाड-वर्ध्यात सावकाराचे कर्ज फेडायचे तर शेत विकण्यावाचून मार्ग नव्हता. अशा वेळी १९३३ मध्ये प्रांतात कर्ज लवाद कायदा आला. त्यामागे पंजाबरावांचा आग्रह होता. या कायद्याने लवाद मंडळे नेमली. ऋणको आणि सावकार समोरासमोर बसायचे, मंडळ कर्जाचा आकडा तपासायचे, वाजवी रक्कम ठरवून हप्ते बांधून द्यायचे. संपूर्ण कर्जमाफी नव्हे; फेडता येईल असे कर्ज. देशात अशा प्रकारचा कायदा सर्वांत आधी करणाऱ्या प्रांतांत मध्यप्रांताची गणना होते. आज व्याज सवलत योजनेला त्यांचे नाव दिले आहे, तिचे मूळ इथे सापडते. तिचे सूत्रही माफीचे नाही, वेळेत फेडणाऱ्याला आधार देण्याचे आहे.

दुसरे काम अर्धवट राहिले. हिंदू देवस्थान संपत्ती विधेयक त्यांनी १९३२ मध्ये मांडले. देवस्थानांकडे साठलेल्या संपत्तीवर देखरेख असावी आणि तिचा काही भाग शिक्षणासारख्या लोकोपयोगी कामांना मिळावा, असा त्याचा रोख होता. त्याला कडाडून विरोध झाला आणि विधेयक संमत झाले नाही. १९३३ मध्ये ते मंत्रिपदावरून दूर झाले.

शिवाजी शिक्षण संस्था आणि वर्ध्याची नई तालीम

१९३२ मध्ये अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्थेची स्थापना झाली. अमरावतीचे शिवाजी महाविद्यालय १९४६ चे, अकोल्याचे १९५४ चे. पुढे शाळा, महाविद्यालये, वसतिगृहे असा पसारा वाढत विदर्भभर गेला. रयत शिक्षण संस्थेनंतर राज्यातली दुसरी मोठी संस्था म्हणून तिचे नाव घेतले जाते. संस्थेची निवडणूक अमरावतीत आमदारकीच्या निवडणुकीइतक्याच चवीने चर्चिली जाते, यावरून तिचे वजन कळावे.

ही संस्था बाळसे धरत होती, त्याच वेळी नदीच्या अलीकडे शिक्षणाचा एक वेगळाच विचार आकार घेत होता. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि झाकिर हुसेन समितीने ‘नई तालीम’चा आराखडा तयार केला. सूतकताई, शेती, हस्तोद्योग यांच्यातून शिक्षण, गावातच शिक्षण, मातृभाषेतून शिक्षण. आशादेवी आणि आर्यनायकम् यांनी सेवाग्रामला ते जीव ओतून चालवले. शिक्षणशास्त्रात वर्ध्याचे नाव जगभर गेले ते यामुळे.

पंजाबरावांची शाळा मात्र मॅट्रिकचीच होती. तीच पुस्तके, तीच परीक्षा, तीच पदवी. तत्त्वज्ञान म्हणून पाहिले तर यात नवे काही नाही. पण ही पदवी तोवर कोणाकडे होती, हे पाहिले की चित्र बदलते. कचेरीत, कोर्टात, दवाखान्यात आणि कॉलेजात खुर्चीवर बसलेला माणूस शेतकऱ्याच्या घरचा क्वचितच असे. शेतकऱ्याचा मुलगा सूत कातायला शिकला काय किंवा न शिकला काय, तहसील कचेरीत तो उभाच राहणार होता. पंजाबरावांना तो समोरच्या खुर्चीत बसलेला हवा होता. आणि पालकांनी पायांनी मतदान केले: नई तालीमच्या शाळा थोड्या राहिल्या, मॅट्रिकच्या शाळा गावोगाव झाल्या. नुकसान दोन्ही बाजूंनी झाले. शेती हा शिकलेल्याने करायचा धंदा नव्हे, ही समजूत याच मॅट्रिकच्या शाळांतून घट्ट झाली आणि शेतकऱ्यांसाठी झटणाऱ्या माणसाच्या वाट्याला हा विरोधाभास आला.

दिल्लीत दहा वर्षे

ते संविधान सभेचे सदस्य होते. तिथल्या चर्चांत त्यांनी शेतकरी आणि मागासवर्गीय यांच्या प्रतिनिधित्वाचा प्रश्न वारंवार उपस्थित केला. १९५२, १९५७ आणि १९६२ अशा तिन्ही निवडणुकांत ते अमरावतीतून लोकसभेवर गेले. १९५२ ते १९६२ या काळात नेहरूंच्या सरकारात शेतीचे काम त्यांच्याकडे होते. पण ‘पहिले कृषिमंत्री’ ही पाठ झालेली ओळ तपासून घ्यावी. अन्न आणि शेती या एकत्रित खात्याची कॅबिनेट जबाबदारी त्या दशकात रफी अहमद किडवाई, अजितप्रसाद जैन, स. का. पाटील अशा मंत्र्यांकडे होती आणि १९४७ च्या पहिल्या मंत्रिमंडळात हे खाते राजेंद्रप्रसादांकडे होते. पंजाबरावांनी सलग दहा वर्षे शेतीचा कारभार पाहिला, हे खरे आणि ते पुरेसे मोठे आहे. त्याला ‘पहिले’ची फोडणी द्यायची गरज नाही.

भातशेतीच्या जपानी पद्धतीचा देशभर प्रचार झाला तो १९५३ पासून. निवडक बियाणे, गादीवाफ्यावर रोपे, ओळीत लावणी, भरपूर खत आणि वेळेवर निंदण एवढीच ती पद्धत. भंडारा-चंद्रपूरकडच्या शेतकऱ्यांना ती कळली. कापूस-संत्र्याच्या आर्वी-आष्टी पट्ट्याला तिचे थेट काम नव्हते. १९५५ मध्ये त्यांनी भारत कृषक समाज ही देशव्यापी शेतकरी संघटना उभी केली. तिच्या पुढाकाराने दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरले. ११ डिसेंबर १९५९ रोजी त्याच्या उद्घाटनाला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांबरोबर अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर हजर होते. शीतयुद्धाच्या ऐन भरात अमेरिका आणि सोव्हिएत संघ, दोघांनीही आपापली यंत्रे एकाच मैदानात मांडली होती.

मराठा-कुणबी वादात त्यांचे नाव का येते?

मराठा आरक्षणावरून राज्यात वाद पेटला की विदर्भात एक गोष्ट हमखास सांगितली जाते: विदर्भातल्या मराठ्यांनी पंजाबरावांचे ऐकून कुणबी नोंद स्वीकारली, मराठवाड्याने नाही. गोष्ट आटोपशीर आहे, म्हणून ती पसरते. कालक्रम मात्र थोडा लांब आहे. जानेवारी १९५० मध्ये अखिल भारतीय मागासवर्ग महासंघ उभा राहिला आणि पंजाबराव त्याचे अध्यक्ष झाले. १९५३ मध्ये सरकारने पहिला मागासवर्ग आयोग नेमला. त्याचे अध्यक्ष काकासाहेब कालेलकर, म्हणजे पुन्हा वर्ध्याशी नाते असलेले गृहस्थ. आयोगाने १९५५ मध्ये अहवाल दिला. केंद्राने तो स्वीकारला नाही. ज्या सरकारने तो बाजूला ठेवला, त्या सरकारात पंजाबराव मंत्री होते. त्यांनी राजीनामा दिला नाही. महाराष्ट्रात कुणबी इतर मागासवर्गाच्या यादीत आले ते १९६७ मध्ये, पंजाबरावांच्या निधनानंतर दोन वर्षांनी. शेती करणाऱ्या जातींनी स्वतःला मागास म्हणवून घेण्यात कमीपणा मानू नये, हा विचार रुजवण्यात त्यांचा वाटा मोठा होता. पण सरकारी नोंदींचा इतिहास एका माणसाच्या सल्ल्याने घडत नाही, आणि आजच्या मोर्चात कोणत्याही बाजूने त्यांचा फोटो लावताना एवढे तरी ध्यानात असावे.

नाव कसे उरले?

१० एप्रिल १९६५ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. विदर्भाला स्वतंत्र कृषी विद्यापीठ हवे, ही मागणी त्यानंतर पेटली. १९६७ मध्ये अकोल्यात त्यासाठी आंदोलन झाले, गोळीबार झाला, माणसे मेली. २० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोल्यात पंजाबराव कृषी विद्यापीठ सुरू झाले. कापसाचे ‘पीकेव्ही रजत’, ‘पीकेव्ही हायब्रीड-२’ ही वाणे त्याच्या आद्याक्षरांची. अमरावतीत त्यांच्या संस्थेने १९८४ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय काढले, त्यालाही त्यांचे नाव दिले.

वसतिगृह भत्ता योजना या सगळ्यांत सर्वांत नवी. व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला, पण सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही, अशा मुलाच्या राहण्या-जेवणाच्या खर्चाला ती हातभार लावते. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजूर यांची मुले तिच्या डोळ्यांसमोर आहेत. पुतळे, चौक आणि सभागृहे यांना नावे देताना फारसा विचार होत नाही. या योजनेच्या बाबतीत मात्र नाव आणि काम जुळले आहे. शंभर वर्षांपूर्वी चांदूर रेल्वे आणि कारंजाला शिकायला गेलेल्या मुलाची जी अडचण होती, तीच आज इंजिनीअरिंगला नंबर लागलेल्या मुलीची आहे: कॉलेज मिळाले, खोलीचे काय?

अर्जासोबत कॉलेजचा प्रवेश, उत्पन्नाचा दाखला, घरापासून दूर राहत असल्याचा पुरावा आणि वडील अल्पभूधारक असल्याचे प्रमाणपत्र जोडावे लागते. तळेगावच्या विद्यार्थ्याला हे प्रमाणपत्र आष्टीच्या तहसील कार्यालयातून काढावे लागते.